'त्याला काय, सगळं येतंच की!'

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत पालकसभा असते. ज्या मुलाला अजून जोडाक्षरे वाचता येत नाहीत, त्याच्या वडिलांशी गुरुजी बराच वेळ बोलतात. जे मूल आठवड्यातून दोन दिवस गैरहजर असते, त्याच्या आजीलाही समजावून सांगतात. मग हुशार मुलाची आई पुढे येते आणि तिचे काम एका वाक्यात उरकते : 'त्याला काय, सगळं येतंच की!' आई सुखावते, घरी जाते. खरे म्हणजे जे बोलायला हवे होते ते या वाक्यापुढे सुरू व्हायचे होते. सगळे येते, तर मग शाळेचे पाच-सहा तास हे मूल करते काय? वर्षभरात ते नवे काय शिकणार? आणि ते शिकवण्याची जबाबदारी कोणाची?

हे प्रकरण त्या आईसाठी आहे. तसेच मोठ्या भावासाठी, आजोबांसाठी, आणि वर्गात असे मूल आहे हे जाणवूनही नेमके काय करावे हे न सुचणाऱ्या शिक्षकासाठीही आहे.

गुरुजींना दोष देऊन सुरुवात करू नये. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. म्हणजे खेडोपाडी पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत, हा नेहमीचा देखावा. शिवाय पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन भरायची माहिती, निवडणुकीचे काम, वर्षभराच्या चाचण्या. मागे राहिलेल्या मुलाला वाचता आले पाहिजे यासाठी वरून सतत विचारणा होते, आणि ती योग्यच आहे. पुढे गेलेल्या मुलाबद्दल मात्र कोणीही, कधीही विचारत नाही. म्हणून पालकाने विचारायचे. तेच या प्रकरणाचे सूत्र आहे : कौतुक मागू नका, वेगळी वागणूक मागू नका, मुलासाठी काम मागा.

पहिला नंबर म्हणजे प्रतिभा नव्हे

वर्गात पहिला येणारा मुलगा आणि असामान्य क्षमतेचा मुलगा हे कधी एकच असतात, कधी नसतात. पहिला येणारा पाठांतराला पक्का, अक्षर सुबक, गृहपाठ वेळेवर. दुसरा कदाचित तोंडी हिशेबात सगळ्यांच्या पुढे, पण पायऱ्या लिहायला सांगितल्या की कुरकुरणारा. किराण्याच्या पुडीचा कागदही वाचल्याशिवाय न टाकणारा. पाऊस मोजतात कसा, चंद्र आपल्याबरोबर चालतो असे का वाटते, शून्याने भागायचे का नाही, असे प्रश्न विचारून बाईंना थांबवणारा. खेळायला मोठी मुले शोधणारा. एखाद्याच विषयात झपाटलेला आणि बाकीच्यांत बेताचा. काम संपल्यावर शेजाऱ्याची वही ओढणारा आणि त्यामुळे 'खोडकर' म्हणून नोंद झालेला. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ साली मांडलेली कल्पना इथे उपयोगी पडते. सरासरीहून वरची क्षमता, नवे सुचणे आणि हाती घेतलेल्या कामात चिकाटी, या तिन्हींचा मेळ जिथे बसतो तिथे प्रतिभा दिसते. तिन्ही गोष्टी नेहमी दिसतातच असे नाही. योग्य काम समोर आले की दिसू लागतात. रोज बेरजेची तीच ती उदाहरणे करणाऱ्या मुलात चिकाटी दिसणार कुठून?

बुद्धिमापन चाचणी करून घ्यावी का, असा प्रश्न पालक हमखास विचारतात. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी तयार केली ती शाळेत मागे पडणाऱ्या, मदतीची गरज असलेल्या मुलांना शोधण्यासाठी. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली, आणि 'बिने-कामत' या नावाने ती आजही आपल्याकडे वापरात आहे. पुण्यात मानसशास्त्रज्ञ डॉ. वि. वि. तथा आप्पासाहेब पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. तिची प्रशाला १९६९ मध्ये सुरू झाली. चाचण्यांतून निवडलेल्या मुलांसाठी वेगळे शिक्षण, हा महाराष्ट्रातला एक महत्त्वाचा प्रयोग आहे. पण जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत बुद्ध्यंकाच्या आकड्यावर काहीही अवलंबून नसते. तो दाखवून जादा तास मिळत नाही, पुस्तक मिळत नाही. उलट आकडा पुढे केला की संभाषण आकड्यावरच अडते.

शिवाय चाचणी चुकतेही. कॅलिफोर्नियात १९२१ मध्ये लुईस टर्मन यांनी तल्लख मुलांचा प्रदीर्घ अभ्यास सुरू केला आणि सुमारे दीड हजार मुले निवडली. जी मुले चाचणी देऊनही निवडली गेली नाहीत त्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ होते. पुढे दोघांनाही पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. निवडलेल्यांपैकी एकालाही नोबेल मिळाले नाही.

चाचणी खरोखर उपयोगाची ठरते ती एका परिस्थितीत. मूल बोलायला, समजायला विलक्षण तेज आणि लिहा-वाचायला मात्र अडखळते, तेव्हा. अशा मुलाची हुशारी त्याच्या अडचणीला झाकते आणि अडचण हुशारीला. दोन्ही वजा होऊन ते 'सर्वसाधारण' म्हणून बसून राहते. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. अशी शंका आली तर मात्र तपासणी टाळू नये.

जी हुशारी दिसतच नाही

सरकारी शाळेबद्दल लिहिताना हा भाग घाईने उरकता येत नाही. घरात भिलोरी, कोरकू किंवा गोंडी बोलणारे मूल पहिलीत पुस्तकी मराठी ऐकते तेव्हा ते गप्प होते, आणि गप्प मुलाला कोणी तल्लख म्हणत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातले मूल दिवाळीनंतर कारखान्याच्या परिसरात जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येते. मधल्या काळात वर्ग पुढे गेलेला असतो, म्हणून त्याची गणना 'मागे पडलेल्यांत' होते. प्रत्यक्षात मोळ्यांचा, फेऱ्यांचा, उचलीतून वजा होणाऱ्या रकमेचा हिशेब तेच मूल घरच्यांना करून देत असते. मुलगी हुशार असली तर ती 'शहाणी, समजूतदार' ठरते. तिच्या हाती वर्ग सांभाळायचे काम येते, अवघड गणित येत नाही.

मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या वि. गो. कुलकर्णी आणि सु. चिं. आगरकर यांनी १९८० च्या दशकात महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर याच प्रश्नावर काम केले. गरीब वस्तीतल्या मुलांत गुणवत्ता शोधायची आणि काही वर्षे तिची जोपासना करायची, हा तो प्रकल्प. त्यात लक्षात आले की या मुलांचे पाय अडत होते ते मुख्यतः भाषेत. पुस्तकातली भाषा त्यांच्या बोलण्याच्या भाषेपासून फार लांब होती. भाषेची अडचण दूर करण्यावर भर दिल्यावर मुलांच्या निकालात लक्षणीय फरक पडला. गुणवत्ता आधीपासून होती. ती कोणी पाहिली नव्हती.

याचा पालकांसाठी साधा अर्थ असा : शाळेत मुलाची बाजू मांडताना प्रगतिपुस्तकातील श्रेणी दाखवून भागत नाही. मूल शाळेबाहेर काय करते ते शाळेला दाखवावे लागते.

कायदा तुमच्या बाजूने आहे

'हुशार मुलांसाठी सरकारी शाळेत काही तरतूद नाही,' असे सर्रास सांगितले जाते. वेगळा निधी नाही, वेगळा वर्ग नाही, हे खरे. पण बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नीट वाचला तर हाती बरेच लागते. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे.

कलम २४ शिक्षकांची कर्तव्ये सांगते. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पारखणे आणि त्यानुसार गरज असेल तिथे जादा अध्यापन देणे, हे त्यातले एक. व्यवहारात ही तरतूद मागे राहिलेल्या मुलांसाठीच वापरली जाते. मात्र कायद्याचे शब्द 'प्रत्येक मूल' असे आहेत. पुढे गेलेले मूल त्यातून वगळलेले नाही. याच कलमात पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगण्याचे बंधनही आहे. कलम २९ अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाविषयी आहे. मुलाचे ज्ञान, त्याच्या सुप्त क्षमता आणि त्याची प्रतिभा यांची वाढ करणे हे तिथे उद्दिष्ट म्हणून स्पष्ट लिहिले आहे. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विशेष प्रतिभा असलेल्या विद्यार्थ्यांवर स्वतंत्र परिच्छेद आहेत. शिक्षकांनी अशा मुलांना जादा समृद्ध काम द्यावे, शाळा आणि तालुका-जिल्हा पातळीवर विज्ञान, गणित, भाषा, संगीत, बुद्धिबळ अशी मंडळे असावीत, बी.एड.मध्ये या विषयाचे विशेष शिक्षण घेता यावे, असे त्यात सुचवले आहे. धोरण म्हणजे कायदा नव्हे. त्यावर दावा लावता येत नाही. पण मुख्याध्यापकांना 'आम्ही काही जगावेगळे मागत नाही' एवढे सांगायला ते पुरेसे आहे.

आणि एक कागद तर शाळेतच असतो. महाराष्ट्रातील प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदींसाठी रकाने असतात : विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. बहुतेक वेळा तिथे 'अक्षर सुंदर आहे', 'चित्रे काढतो', 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे' अशी ठरावीक वाक्ये उतरतात. पालकाने पहिल्या सत्राआधीच शिक्षकांना मुलाच्या कामाचे नमुने दाखवले, तर 'विशेष प्रगती'च्या रकान्यात खरी नोंद येऊ शकते. एकदा ती कागदावर आली की पुढच्या वर्षीच्या शिक्षकांना नव्याने पटवावे लागत नाही. बदल्या होत राहणाऱ्या व्यवस्थेत याचे मोल मोठे आहे.

नेमके काय मागायचे

'माझ्या मुलाकडे लक्ष द्या' ही मागणी नाही. तो उपदेश झाला. तो ऐकून शिक्षक मान डोलावतात आणि पुढे काही घडत नाही. मागणी अशी हवी की उद्यापासून करता येईल, पैसे लागणार नाहीत आणि शिक्षकांचा भार फारसा वाढणार नाही. अशा चार मागण्या करता येतात.

पहिली : येते ते पुन्हा करायला लावू नये. धडा शिकवण्याआधीच त्याखालचा स्वाध्याय मुलाकडून सोडवून घ्यावा. दहापैकी नऊ उत्तरे बरोबर आली, तर त्या धड्याच्या सरावातून त्याला मोकळे करावे आणि तो वेळ दुसऱ्या कामाला द्यावा. जे चुकले तेवढेच शिकवावे.

दुसरी : एका विषयापुरते वरच्या इयत्तेत बसू द्यावे. इथे लहान शाळेचा एक छुपा फायदा आहे. शहरात तिसरीच्या मुलाला चौथीच्या गणितासाठी दुसऱ्या वर्गात पाठवायचे तर वेळापत्रके जुळवावी लागतात. बहुवर्ग शाळेत तिसरी आणि चौथी एकाच खोलीत असतात. मुलाने फक्त रांग बदलायची.

पूर्ण इयत्ता ओलांडणे ही मात्र वेगळी गोष्ट. आजोबांच्या पिढीत 'डबल प्रमोशन' मिळालेली माणसे होती. परदेशातल्या संशोधनाचा कलही असा की नीट पारखून पुढे ढकललेल्या मुलांचे सहसा नुकसान होत नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात या विषयावरचे अनेक वर्षांचे अभ्यास एकत्र मांडले आहेत. पण आपल्याकडे नोंदी, वय आणि पुढच्या परीक्षांच्या अटी आडव्या येतात. उदाहरणार्थ, नवोदय विद्यालयाच्या निवड चाचणीसाठी मूल पाचवीत असावे लागते आणि त्याला वयाची मर्यादा असते. ग्रामीण भागातील राखीव जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण शाळेत पूर्ण झालेली असावी लागतात. चौथी ओलांडलेले मूल इथे अडचणीत येईल. म्हणून इयत्ता तीच ठेवावी, विषय पुढे न्यावा.

तिसरी : 'झालं असेल तर गप्प बस' याऐवजी हाताशी काम असावे. वर्गाच्या कोपऱ्यात एक खोका, त्यात कोडी, गोष्टी, जुने अंक, प्रयोगाच्या चिठ्ठ्या. ज्याचे काम आधी संपेल त्याने त्यातले एक उचलायचे. हा खोका एकट्या हुशार मुलाचा नसावा, सगळ्या वर्गाचा असावा. त्यामुळे मत्सर टळतो, आणि आजवर कोणाच्या नजरेत न आलेले एखादे मूल त्या खोक्यापाशी सापडते.

खोक्यात काय घालायचे? बालभारतीची वरच्या इयत्तांची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. बालभारतीचेच 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेली शेकडो वैज्ञानिक खेळणी मराठी माहितीसह विनामूल्य पाहायला मिळतात. त्यांना लागते काय, तर काडेपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, आगपेट्या, रबरबँड.

आणि काहीच नसेल तर खडू आहे. देवळाली येथे आयुष्यभर शाळामास्तर असलेले गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी शोधलेला खेळ घ्या. कोणतीही चार अंकी संख्या निवडा, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावले की ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच करा : ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४च येत राहील. कुठूनही सुरुवात केली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत याच संख्येशी पोचतो. तीन अंकी संख्यांचा असाच खेळ ४९५ वर थांबतो. चौथीतल्या मुलाला एवढेच सांगावे : 'दोन अंकी संख्यांचे काय होते ते शोधून सांग.' वजाबाकीचा सराव तर होतोच, पण कोणी न सांगितलेले उत्तर शोधायचे म्हणजे काय, हेही त्याला कळते. ज्या जगप्रसिद्ध संख्येला आज 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात, ती नाशिकजवळच्या एका शाळाशिक्षकाची देणगी आहे, हे सांगायलाही विसरू नये.

चौथी मागणी नकाराची आहे : मुलाला फुकटचा शिक्षक करू नये. बहुवर्ग शाळेत हुशार मुलांना 'गटप्रमुख' करून लहानांना शिकवायला बसवतात. थोडा वेळ हे उत्तम. दुसऱ्याला समजावताना स्वतःला नीट समजते. पण रोजचा निम्मा दिवस ती मुलगी पहिलीच्या मुलांकडून पाढे म्हणून घेत असेल, तर तिचे स्वतःचे शिकणे थांबले आहे हे स्पष्ट सांगावे.

बोलावे कसे

शाळा भरताना किंवा सुटताना दारात उभे राहून हा विषय काढू नये. 'बाई, पंधरा मिनिटं हवी होती, कधी येऊ?' असे विचारून वेळ ठरवावी. जाताना पुरावा न्यावा : मुलाने स्वतः सोडवलेली पुढच्या इयत्तेच्या गणितांची पाने, त्याने लिहिलेली गोष्ट, केलेला पंखा, वाचलेल्या पुस्तकांची यादी. पालकांनी हात लावलेले काम अनुभवी शिक्षक लगेच ओळखतात, म्हणून जसे असेल तसे न्यावे, चुकांसह.

सुरुवात तक्रारीने झाली की शिक्षक बचावाला लागतात. 'तो घरी म्हणतो, शाळेत कंटाळा येतो' हे वाक्य शिक्षकांच्या कानावर 'तुम्ही कंटाळवाणे शिकवता' असे पडते. त्याऐवजी असे बोलता येईल :

'सर, तुमच्यामुळे त्याला गणिताची गोडी लागली. आता तो घरी चौथीचं पुस्तक घेऊन बसतो. ही पानं बघा. मला त्यातलं फार कळत नाही, पण वर्गात त्याचं काम लवकर संपलं तर त्यानं काय करावं, हे तुम्हीच ठरवून द्या. पुस्तक मी आणून देते.'

'अहो, पण एकट्याला वेगळं दिलं तर बाकीचे पालक काय म्हणतील?'

'एकट्याला नकोच सर. ज्याचं काम आधी होईल त्या प्रत्येकाला द्या. एक महिना करून बघू. नाही जमलं तर सोडून देऊ.'

या बोलण्यात श्रेय शिक्षकांना आहे, सामान पालक आणणार आहेत, आणि मुदत एका महिन्याची आहे. 'महिनाभर करून बघू' याला नकार देणे कोणालाही जड जाते.

तोंडी ठरलेले कागदावर उतरवून ठेवावे. अर्ज साधा असावा :

'प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय : इयत्ता तिसरीतील माझ्या मुलास गणिताचे पुढील काम देण्याबाबत. महोदय, माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता तिसरीत शिकतो. तिसरीच्या गणिताच्या पुस्तकातील उदाहरणे तो स्वतः सोडवतो. त्याने घरी सोडवलेल्या चौथीच्या उदाहरणांची पाने सोबत जोडली आहेत. शिक्षण हक्क अधिनियम २००९, कलम २४ मध्ये प्रत्येक मुलाच्या क्षमतेनुसार जादा अध्यापनाची तरतूद आहे. त्यानुसार विनंती की, गणिताच्या तासाला त्यास चौथीच्या मुलांसोबत बसू द्यावे आणि एक महिन्यानंतर त्याच्या प्रगतीबाबत चर्चेसाठी वेळ द्यावा. आपला विश्वासू.'

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि एकीवर पोच घ्यावी. वकिली थाटाची भाषा टाळावी. कलमाचा उल्लेख एकदाच, तोही नम्रपणे.

उत्तर 'नाही' आले तर

बहुतेक वेळा इथवर काम होते. नाही झाले, तर पायरी सोडून वर जाऊ नये. वर्गशिक्षकांनंतर मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समिती. समितीचा अध्यक्ष पालकांतला असतो आणि मुख्याध्यापक सचिव. समितीपुढे आपल्या मुलाचे नाव काढून भांडण्यापेक्षा 'वाचन-कोपरा', 'शनिवारचा विज्ञान तास', 'गणित मंडळ' असा सगळ्यांना लागू होणारा ठराव मांडावा. शाळा विकास आराखड्यात तो आला की त्यासाठी जागा आणि साहित्य मागता येते. त्यानंतर केंद्रप्रमुख. दहा-बारा शाळा पाहणाऱ्या या माणसाला कोणत्या शाळेत असा प्रयोग चालू आहे हे ठाऊक असते, आणि तो शिक्षण परिषदेत इतरांपुढे मांडताही येतो. पुढे पंचायत समितीतील विस्तार अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी, शेवटी जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी. शैक्षणिक सल्ल्यासाठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट.

कायद्याच्या कलम ३२ नुसार मुलाच्या हक्काबद्दल स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत लागावा असे बंधन आहे. मात्र हे शस्त्र अपमान, मारहाण, प्रवेश नाकारणे अशा गोष्टींसाठी राखून ठेवावे. जादा गणितासाठी तक्रार केली, तर गणित मिळेल आणि गुरुजी दुरावतील. प्राथमिक शाळेतल्या मुलाला गुरुजी जास्त लागतात.

शिष्यवृत्ती आणि नवोदय

मराठी पालकांना प्रतिभेचा एकच राजमार्ग माहीत असतो : शिष्यवृत्ती परीक्षा. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी असे तिचे विषय. दुसरी वाट जवाहर नवोदय विद्यालयाची. देशातील पहिली दोन नवोदय विद्यालये १९८५-८६ मध्ये सुरू झाली. त्यातले एक हरियाणातील झज्जरला, दुसरे आपल्या अमरावतीला. सहावीच्या प्रवेशासाठी दोन तासांची चाचणी, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी, एक-तृतीयांश मुलींसाठी, आणि राहणे-जेवण-शिक्षण विनामूल्य. गरीब घरातल्या तल्लख मुलासाठी ही संधी खरोखर मोठी आहे. ती एकदाच मिळते, दुसऱ्यांदा बसता येत नाही. म्हणून फॉर्मची तारीख शाळेत वेळीच विचारून ठेवावी.

पण परीक्षेची तयारी म्हणजे प्रतिभेची जोपासना असे समजणे घातक ठरते. सराव प्रश्नपत्रिकांचा ढीग, पहाटेचा जादा तास, उत्तरपत्रिकेतले गोल काळे करण्याचा वेग, हे सगळे एका पर्यायाचे उत्तर लवकर निवडायला शिकवते. कापरेकरांच्या खेळात मुलाला जो प्रश्न पडतो, त्याला चार पर्याय नसतात. परीक्षेला बसवावे, तयारी करून घ्यावी, पण वर्षभराचे काम तेच असू नये. आणि यश न आल्यास 'तू हुशार नाहीस' असा निष्कर्ष घरात कोणी काढू नये. टर्मनच्या यादीतून वगळलेली दोन नावे लक्षात ठेवावीत.

घराने काय करावे

शाळेकडे मागायचे तेवढेच घरानेही द्यायचे असते. जयंत नारळीकरांनी आपल्या बनारसमधल्या बालपणाची एक हकीकत लिहिली आहे. घरात फळा होता. त्यांच्याकडे राहणारे मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्यावर भाच्यासाठी आव्हान म्हणून गणित लिहून ठेवत, आणि सुटेपर्यंत ते पुसले जात नसे. यात शिकवणी नव्हती, बक्षीस नव्हते. प्रश्न होता, वेळ होता, आणि उत्तर न सांगणारा मामा होता. पत्र्याच्या घरातही भिंतीवर कोळशाने प्रश्न लिहिता येतो.

कौतुक जपून करावे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या काही मुलांना 'तू किती हुशार' म्हणून शाबासकी दिली, तर काहींना 'तू किती मेहनत घेतलीस' म्हणून. पहिल्या गटातली मुले पुढे सोपे काम निवडू लागली, आणि एकदा अपयश आल्यावर त्यांची कामगिरी घसरली. ज्याला चौथीपर्यंत एकही गोष्ट अवघड गेली नाही, त्याला अवघड गेल्यावर काय करायचे हे ठाऊक नसते. पुढे आठवीत किंवा अकरावीत पहिल्यांदाच अडले की त्याला वाटते, आपली हुशारी संपली. मुलासाठी शाळेत अवघड काम मागायचे ते मुख्यतः यासाठी. त्याला वेळेवर, गुरुजींच्या समोर, सुरक्षितपणे अडखळता आले पाहिजे.

एक गोष्ट शेवटी. हे पुस्तक वाचणाऱ्या पालकाला अर्ज लिहिता येतो, कलम सांगता येते, बाईंकडे वेळ मागता येते. शेजारच्या बाकावरच्या मुलीची आई या हंगामात कोयता घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली असेल. तिच्या मुलीची बाजू मांडायला कोणीही येणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीची पुढची निवड होईल तेव्हा तुम्ही उभे राहा. आपल्या मुलासाठी जे काम मागाल, ते त्या मुलीसाठीही मागा, आणि तिचे नाव घेऊन मागा.